मैदानाआधी फाईल

कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून रुजू झालास, अभिनंदन! एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ५५ टक्के, नेट-सेट, वर १२ मिनिटांत १८०० मीटर धावणं (तिशीच्या आतल्या पुरुषांना यूजीसीने २०१८च्या नियमांत तेवढंच घातलंय), हे सगळं झालं. खरी पळापळ आता सुरू होईल.

जुलैत पोरं मैदानावर येतील, तेव्हा तू कागदांत असशील. स्पर्धेसाठीचे खेळाडूंचे पात्रता अर्ज स्वतः तपास, क्लार्कवर सोडू नकोस. माझा एक कबड्डीचा चढाईपटू, पोरगं वाघ होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’, अर्जावर ‘दत्ता’. सामना त्याने दोरीबाहेर उभं राहून पाहिला. चूक माझीच. तेव्हापासून अर्ज नि गुणपत्रिका शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावतो.

संघासोबतच्या प्रवासाची एसटीची तिकिटं त्याच रात्री पाकिटात घाल. प्राचार्य चषकासोबत फोटो हौसेने काढतात, प्रवासाचं बिल मात्र मार्चपर्यंत फिरत राहतं.

नेट-सेटच्या अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट: मैदानावरच्या शिपाईमामांना आधी चहा पाज. स्पर्धेच्या पहाटे पाचला फक्की मारून मैदान आखायला तेच येतात, आपण नाही.