मुक्काम कुठे आहे ते बघ

प्रिय मुली,

एक शिक्षिका म्हणतात मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली ‘क्वीन ऑफ द नाइट’ बसव. दुसरे म्हणतात त्याच ऑपेरातली पामिना, त्या राणीची मुलगी, कर. आणि एवढ्यात एका छोट्या ऑपेरा हाउसने थेट व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ची नायिका व्हायोलेटाच पुढे केली. तू विचारतेस, मी नेमकी कोण, कलरातुरा (उंच, चपळ तानांचा आवाज) की लिरिक (लांब, भरीव सुरांचा)? आणि सगळ्यांच्या बोलण्यात पुरावा एकच, तुझा हाय एफ, तो अगदी उंच सूर, लागतो. लागतो तर लागू दे. वरचा सूर लागतो म्हणून भूमिका झेपते असं नसतं. टेसितूरा बघ, म्हणजे त्या भूमिकेत आवाजाचा मुक्काम कुठे आहे ते बघ. उंच सुरावर तू दोन सेकंद असतेस, बाकीची संध्याकाळ कुठे राहणार आहेस?

राणीचंच घे. १७९१ साली मोझार्टने ही भूमिका आपली मेहुणी योसेफा होफर हिच्या गळ्यासाठी लिहिली. तिच्या दोन आरिया, म्हणजे एकल गाणी: दुसरीत हाय एफ चार वेळा, पहिलीत एकदा. सगळं गाणं मिळून जेमतेम पाव तास. मुली ते एफ घोटून घोटून पक्के करतात आणि ऑडिशनला पहिल्या आरियाच्या संथ, जी मायनरमधल्या भागात उघड्या पडतात. तिथे मुलगी पळवून नेलेली आई बोलते आहे. सूर मधल्या पट्ट्यातले, लांब, आणि त्यांना वजन हवं. ते नसेल तर पुढचे एफ नुसतेच टोचतात. शिवाय पहिल्या आरियानंतर आत बसून राहायचं, आवाज गार पडतो, आणि दुसऱ्या अंकात थोडे संवाद झाले की लगेच दुसरी आरिया. या थांबण्याचा सराव कुणी करत नाही.

पामिनाच्या ‘आख, इख फ्यूल्स’चा सर्वांत वरचा सूर फक्त बी-फ्लॅट. कागदावर किती सोपं! पण लय संथ, वाद्यं तुटक कॉर्ड देऊन गप्प होतात, आणि तुझा सूर हाय सीच्या खालच्या ई, एफ, एफ-शार्प या पट्ट्यात परत परत येऊन उभा राहतो. हाच सोप्रानोचा दुसरा पासाज्जो, म्हणजे आवाज एका पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जातो तो सांधा. इथे नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घे. हा एफ (राणीच्या हाय एफच्या एक सप्तक खालचा) साधारण ७०० हर्ट्झचा. बोलताना ‘ई’ आणि ‘ऊ’ या उच्चारांचा पहिला अनुनाद, म्हणजे गळ्या-तोंडाची पोकळी आपणहून घुमते तो सूर, ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे सूर अनुनादाच्या वर निघून गेला. तोंड बोलण्याइतकंच उघडं ठेवलंस तर आवाज बारीक होतो, मग तू दमाचा जोर लावतेस, स्वरयंत्र वर चढतं, जिभेचं मूळ कडक होतं, सूर ढळतो. उपाय जोरात नाही. सूर चढेल तसा जबडा सैल सोडून उघडत न्यायचा आणि ‘ई’च्या उच्चाराला ‘ए’कडे झुकू द्यायचं. आवाजाचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून दाखवलेलं आहे, कुणा गुरूची लहर नाही. शब्द थोडे पुसट होतात, होऊ देत.

आता व्हायोलेटा. पहिल्या अंकातल्या तिच्या ‘सेंप्रे लीबेरा’ आरियाच्या शेवटचा उंच ई-फ्लॅट व्हेर्दीने लिहिलेलाच नाही. रूढीने येतो, आणि त्याच्यावर सगळ्या जगाची झोप उडालेली. खरं काम दुसऱ्या अंकात आहे. प्रियकर आल्फ्रेदोच्या म्हाताऱ्या बापाबरोबरचं, जेर्माँबरोबरचं, वीसेक मिनिटांचं द्वंद्वगीत, बहुतेक सगळं मधल्या पट्ट्यात आणि पासाज्जोवर, रडायचं आणि सूर मात्र रडवायचा नाही. त्यात दमलीस की पाठोपाठ ‘आमामी, आल्फ्रेदो’, पूर्ण ऑर्केस्ट्रा भरात असताना बी-फ्लॅट. आणि इतकं झाल्यावर शेवटच्या अंकात ‘अद्दीओ’चा शेवटचा ए अगदी बारीक धाग्यासारखा, तशी सूचनाच स्कोअरमध्ये आहे. ई-फ्लॅट येतो का, असं विचारणाऱ्या माणसाला भूमिका कळलेली नाही. मुक्काम विचार.

काय करायचं ते सांगते. व्होकल स्कोअर (गाणं आणि पियानोची छापील प्रत) घे. त्या पासाज्जोच्या ई ते जीमधला प्रत्येक लांब सूर लाल पेन्सिलने गोल कर. प्रत्येकाखाली चार गोष्टी लिही: उच्चार कोणता (आ, ई, ऊ), खाली तंतुवाद्यं आहेत की ब्रास म्हणजे पितळी वाद्यं, आधी किती बारची विश्रांती आहे, आणि अंक सुरू होऊन किती मिनिटं झाली. मग लागोपाठ दोन दिवस पूर्ण भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत गा, तुकड्यातुकड्याने नाही. दोन्ही दिवसांनंतरच्या सकाळी वरच्या पट्टीत अगदी हळू, छोटे तुटक सूर म्हणून बघ. सूर उमटायला उशीर होत असेल, आधी नुसती हवाच येत असेल, तर स्वरतंतूंना सूज आहे आणि ती भूमिका आज तुझी नाही. उद्याची असेल, तो वेगळा विषय. गळा ठणठणीत असतानाच एकदा स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे स्वरतंतूंची हालचाल दाखवणारी तपासणी, करून ठेव, म्हणजे आजारपणात डॉक्टरकडे तुलनेला काहीतरी असेल. आणि प्रयोगाच्या आठवड्यात कुणी सहज दिलेली अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस, स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

तालमी साधारण चार ते सहा आठवडे चालतात. तिथे मार्किंग, म्हणजे आवाज राखून गाणं, करायला लाजू नकोस. पण मार्किंग म्हणजे कुजबुजणं नव्हे, त्याने गळा जास्त शिणतो. दम पूर्ण, आवाज कमी, वरचे सूर एक सप्तक खाली.

मला लोक भित्री म्हणतात, जपून जपून गाणाऱ्या तयार करते म्हणतात. म्हणोत. गायिका मारिया कॅलासचं उदाहरण तोंडावर फेकतात: जानेवारी १९४९ मध्ये व्हेनिसला एकाच महिन्यात वाग्नरची जड ब्रुनहिल्ड आणि बेल्लिनीची हलकी, तानांची एल्विरा. बरोबर आहे, गायली. पण रंगमंचावरचा तिचा शेवटचा ऑपेरा, ‘टोस्का’, जुलै १९६५ चा, तेव्हा ती ४१ वर्षांची होती. कारणांवर अजून भांडणं चालू आहेत, मला त्यात पडायचं नाही. उलट सोप्रानो मिरेल्ला फ्रेनी १९५५ ला रंगमंचावर आली आणि २००५ पर्यंत गात राहिली. पुच्चीनीची ‘बटरफ्लाय’ तिने ध्वनिमुद्रित केली, चित्रपटासाठीही गायली, पण रंगमंचावर पूर्ण भूमिका कधीच केली नाही. तिला बटरफ्लायचे सूर लागत नव्हते का? लागत होते. मुक्काम तिचा नव्हता. हे मी शंभरदा सांगेन आणि तू कंटाळलीस तरी सांगेन.

ऑडिशनसाठी पाच आरिया ठेव: एक मोझार्ट हवीच, इटालियन, फ्रेंच आणि जर्मन हव्यात. पहिली तू निवडतेस, दुसरी समिती मागते, म्हणून पाचातली एकही ‘बहुधा जमेल’ अशी नको. राणीची आरिया यादीत टाकलीस की समिती तीच मागणार आणि तुझी पामिना ऐकणारच नाही. पियानिस्टसाठी कागद दोन्ही बाजूंनी छापलेले, फाइलमध्ये, कट आणि श्वास ठळक.

जर्मनीत एन्सेम्बलचा, म्हणजे हाउसच्या नेहमीच्या गायकसंचातला, करार मिळाला तर दरमहा पगार आहे, पण फाखप्रमाणे, म्हणजे आवाजाच्या ठरलेल्या वर्गाप्रमाणे, हाउस देईल ते गावं लागतं, आणि करार पुढे चालवायचा नसेल तर ते साधारण ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतात. म्हणून नुसता फाख लिहून घेऊ नकोस, भूमिकांची नावं घालून घे. फ्रीलान्सला मानधन बहुतेक ठिकाणी प्रयोगागणिक. तालमीचे बरेचदा शून्य, आजारी पडलीस तर शून्य, आणि मिळालेल्यातून एजंटचे साधारण १० टक्के.

व्हायोलेटाचं उत्तर देण्याआधी त्या हाउसला विचार: प्रयोग किती, ऑर्केस्ट्रा केवढा, वादक बसतात त्या पिटची खोली किती, जनरल तालीम आणि पहिल्या प्रयोगात किती दिवस. दोन प्रयोगांमध्ये दोन मोकळे दिवस देत नसतील तर नाही म्हण. कारण विचारलं तर तारखा जुळत नाहीत, एवढंच सांग.