सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्याला स्कॉटलंडमधली साउथ ग्लेन शील रिज (डोंगरधार, एका दिवसात सात मन्रो) जमेल का? जूनमध्ये जायचा विचार आहे.

जमेल, नक्की जमेल, फक्त उंचीचे आकडे बघून ठरवू नका. तुम्ही लिहिलंय की सातही शिखरं कळसूबाईपेक्षा बुटकी आहेत मग लोक एवढं का घाबरवतात. आकडे बरोबरच आहेत, रिजवरचं सगळ्यात उंच एनाख एर ख्री 1021 मीटर, कळसूबाई 1646, आणि स्कॉटलंडचा राजा बेन नेविससुद्धा 1345 च. पण हे सगळं 57 अंश उत्तरेला आहे, वर एक झाड नाही, आडोसा नाही, जूनमध्येही वारा सुटला तर हात बधिर होतात. आणि सात मन्रो म्हणजे 914 मीटरच्या वरची सात शिखरं, एकावरून उतरायचं की लगेच पुढच्यावर चढायचं, असं करत दिवसभरात जवळपास 2000 मीटर चढ होतो आणि अंतर 25 किमीच्या आसपास. दहा ते बारा तास धरा.

सुरुवात क्लुनी इन या हॉटेलपासून करा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला. पहिले सहाएक किमी जुना रस्ता आहे, पूर्वी हा टॉमडूनला जायचा, 1950 च्या दशकात धरण झालं आणि पुढचा भाग लॉख लॉइन तलावाच्या पाण्याखाली गेला. हा पट्टा कंटाळवाणा आहे पण पाय गरम होतात. पाणी इथेच, चढ लागायच्या आधी ओढ्यावर भरून घ्या कारण रिजवर पाणी जवळपास नाहीच, आणि आपल्याकडे गडावर टाकं असतं, ताक-लिंबूसरबतवाले भेटतात, तसं इथे काही म्हणजे काही नाही.

रिज स्वतः मला फार आवडते. पायवाट बहुतेक ठिकाणी स्पष्ट आहे, मधेमधे अरुंद होते, एनाख एर ख्रीच्या पुढे थोडे हात लावावे लागतात पण रोप वगैरे नाही, तुम्ही सह्याद्रीतले कातळटप्पे केले असतील तर हे सहज. खरा प्रश्न चौथ्या शिखरावर येतो. मोल खिन येरकवरून उत्तरेला एक चांगली वाट थेट रस्त्याकडे उतरते. तिथे पोचेपर्यंत दुपार टळली असेल, ढग खाली आले असतील किंवा कोणी दमलं असेल तर सरळ उतरा, चार मन्रोही भरपूर आहेत. त्यापुढे खाली यायच्या वाटा एवढ्या सोप्या नाहीत आणि शेवटचं क्रेग नान डाव 918 मीटरचं, आकड्यात सगळ्यात लहान, पण थकल्यावर तेच सगळ्यात जड जातं.

पॉन्चो आणू नका प्लीज. पावसाळ्यात भीमाशंकरला ठीक आहे, इथल्या वाऱ्यात तो तोंडावर येतो आणि अरुंद धारेवर पाय दिसत नाहीत. वॉटरप्रूफ जॅकेट आणि वॉटरप्रूफ पॅंट दोन्ही हवेत, जीन्स नको, टोपी-हातमोजे जूनमध्येसुद्धा सॅकमध्ये. कागदी नकाशा (ओएस एक्सप्लोरर 414) आणि होकायंत्र वापरता येत असेल तरच जा, फोनला सगळीकडे रेंज नाही. आदल्या दिवशी एमडब्ल्यूआयएस या डोंगरी हवामानसेवेचा अंदाज वाचा, त्यात शिखरांवरचा वारा किती आणि ढग नसण्याची शक्यता किती टक्के ते देतात. वारा ताशी 60 किमीच्या वर सांगितला असेल तर मी जात नाही, कितीही लांबून आलेलो असलो तरी. अडचण आली तर 999 ला फोन, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

जून निवडलात ते उत्तम, रात्री दहापर्यंत उजेड असतो. परमिट-बिरमिट लागत नाही, 2003 च्या कायद्याने डोंगरात चालायचा हक्क सगळ्यांना आहे. मिजेस म्हणजे बारीक चावरे किडे मात्र खाली दरीत छळतील, वाऱ्यात वर नसतात.

आणि गाडीचं आधी ठरवा. उतरता ते ए87 रस्त्यावरच पण क्लुनीपासून बरंच पश्चिमेला, 1719 ची ग्लेन शीलची लढाई झाली त्या जागेजवळ (त्यात स्पॅनिश सैनिकही लढले होते, समोरच्या एका शिखराला त्यांचंच नाव आहे). दोन गाड्या असतील तर एक सकाळीच तिथे लावून ठेवा. एकच असेल तर ती शेवटाला लावा आणि सकाळच्या बसने क्लुनीला या, संध्याकाळच्या बसच्या भरवशावर राहिलात तर शेवटची दोन शिखरं घड्याळ बघत पळापळीत होतात.