थोरलं मूल समंजस आणि धाकटं लाडावलेलं, हे जन्मक्रमानंच ठरतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, जात्याच समंजस. मुलगा चार वर्षांचा, हट्टी, एक काम ऐकत नाही. हे जन्मक्रमामुळं आहे का आणि पुढंही असंच राहणार का, असा तुमचा प्रश्न. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. पण चार भावंडांतलं मी शेंडेफळ, आणि तुमच्या प्रश्नातला तो 'जात्याच' वाचून मला गप्प बसवेना.

माझं उत्तर 'नाही' असंच आहे. थोरल्याला आपण समंजस करतो आणि धाकट्याला लहान ठेवतो, आणि मग दोघांचा स्वभावच तसा म्हणून मोकळे होतो.

आमच्यात दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, मग अक्का, मग मधला भाऊ, मग मी. वडील १९९६ साली गेले. दादा तेव्हा जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता, अक्काचं लग्न झालेलं, मधला पुण्याकडं कंपनीत लागलेला. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज सोडून बागेत उतरलो, तो आजतागायत तिथंच आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, काडीला पेस्ट लावणं, डिसेंबरात धुकं पडलं की डाऊनी रोगाच्या भीतीनं रात्री उठून पानं बघणं, हे सगळं मीच केलं. आईचं दवाखान्याचंही मीच बघितलं.

आता २०११ सालचं सांगतो. मार्चमधला शनिवार होता. सकाळची शाळा करून दादा गावी आला होता. त्याच दुपारी एक व्यापारी बाग बघायला आला. परगावचा, गाडी भारी, बोलणं गोड. चार किलोच्या पेटीला तालुक्यात १२५ रुपये चालले होते, यानं १४० सांगितले. मला तिथंच शंका आली. मी म्हणालो, "दादा, रोजच्या तोडीचे पैसे रोज घ्यायचे. उधार नको. या माणसाला बाजारात कुणी ओळखत नाही." दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तू गप रं. तुला काय कळतंय त्यातलं? जा, चहाचं सांग."

मी चौतीस वर्षांचा होतो. मला दोन मुली होत्या. त्या बागेतला एकेक वेल मला ठाऊक होता. आणि मी गेलो, चहाचं सांगून आलो. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं, काही विचारलं नाही.

चार दिवसांत एका एकराचा माल गेला. २,५०० पेट्या, म्हणजे साडेतीन लाख. इसार ५० हजार हातात आणि उरलेल्या तीन लाखांचा पुढच्या तारखेचा चेक. चेक परत आला. फोन बंद. तासगावात त्यानं भाड्यानं घेतलेल्या खोलीला कुलूप. आमच्यासारखेच आणखी काही शेतकरी त्या दाराशी उभे होते. पोलिसांत तक्रार दिली, हेलपाटे घातले, पैसे आले नाहीत ते नाहीतच. द्राक्षपट्ट्यात असं बुडणारे आम्ही पहिले नव्हतो आणि शेवटचेही नव्हतो, म्हणूनच तर मी रोख मागत होतो.

पण मला जे टोचतं ते त्या पैशांचं नाही. आई म्हणाली, "थोरल्याच्या नशिबात नव्हतं." अक्का म्हणाली, "दादाचा स्वभाव साधा, विश्वास ठेवला त्यानं." हाच सौदा मी केला असता तर? तर नशिबाचं नाव कुणी काढलं नसतं. 'धाकटा तो, अजून पोरपणा जात नाही,' असं सगळे म्हणाले असते आणि त्या एका चेकवरून माझा स्वभाव कायमचा ठरला असता. ताई, तुमच्या घरी हेच बघा. मुलीच्या हातून कप फुटला तर तुम्ही काय म्हणता आणि मुलाच्या हातून फुटला तर काय म्हणता?

दुसरा एकर अजून वेलीवर होता. दादा तीन दिवस कुणाशी बोलला नाही, चौथ्या दिवशी जतला निघून गेला. विचारायला कुणी उरलंच नाही, तेव्हा मी ठरवलं की सगळ्याचा बेदाणा करायचा. घड तोडून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर टाकले. दहा टन माल, त्याचा अडीच टन बेदाणा होतो. पंधरा दिवस वाळायला लागतात आणि त्यात पाऊस आला की मणी काळा पडतो, दर निम्म्यावर येतो. दोनदा ढग भरून आले. दोन्ही वेळा रात्री बायको आणि मी ताडपत्र्या बांधल्या. गंधकाची धुरी दिली, रंग चांगला आला. माल कोल्ड स्टोरेजला ठेवला आणि दिवाळीच्या आधी सौद्याला काढला. सोसायटीचं कर्ज त्यातून फिटलं. त्या हंगामात मी एकदाही आळस केला नाही, एकदाही घाबरलो नाही. माझा जन्मक्रम काय बदलला होता का? फक्त "गप रं" म्हणणारा माणूस शेजारी नव्हता.

दादाची मुलगी, माझी पुतणी, पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिला हे सगळं सांगत बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं की यावर मोठमोठे अभ्यास झालेत. थोरलं-मधलं-धाकटं असे स्वभाव पाडले ते व्हिएन्नाच्या अल्फ्रेड अ‍ॅडलरनं. दुसरं भावंड आलं की थोरल्याचं राज्य जातं, म्हणून तो असा होतो, वगैरे. तो स्वतः दुसरा होता, वर थोरला भाऊ. ऐकायला ते पटतं. पण २०१५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी मिळून वीस हजारांवर माणसांची माहिती तपासली, तर माणूस किती बोलका, किती मनमिळाऊ, किती शिस्तीचा, किती शांत डोक्याचा, यातल्या कशावरही जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलांवर अभ्यास झाला. तिथंही स्वभावातला फरक इतका किरकोळ निघाला की घरात तो कुणाला दिसणारही नाही. बुद्धीच्या चाचणीत थोरल्यांना एखाद-दीड गुण जास्त मिळतो, एवढं मात्र खरं.

पुतणी म्हणाली, "काका, लोक चूक कुठं करतात माहितेय? नऊ वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या शेजारी उभं करतात आणि म्हणतात, थोरलं शहाणं." तुमचं तेच चाललंय ताई. तुमची मुलगी चार वर्षांची असताना कशी होती ते आठवा, आणि मग मुलाशी ताडून बघा.

नॉर्वेतली गोष्ट तर मी तिला दोनदा सांगायला लावली. तिथं सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची बुद्धिचाचणी होते. २००७ साली त्या आकड्यांवरून असं निघालं की ज्यांचं थोरलं भावंड अगदी लहानपणी वारलं, त्या दुसऱ्या मुलांचे गुण थोरल्यांसारखेच होते. जन्म दुसरा, पण घरात जागा पहिल्याची, आणि फरक पडला तो जागेनं.

हे सगळं परदेशातलं आहे. आपल्याकडचं सांगायचं तर २०१७ साली दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी भारतातल्या मुलांची उंची आफ्रिकेतल्या मुलांशी ताडली. आपली पहिली मुलं कमी पडत नाहीत. दुसऱ्यापासून फरक सुरू होतो आणि पुढच्या प्रत्येक मुलामागं वाढत जातो. त्याचं मोठं कारण त्यांनी काढलं ते थोरल्या मुलग्याला मिळणारं झुकतं माप. म्हणजे आपण जन्मक्रम ताटात वाढतो.

आणि सातबाऱ्यावरही लिहितो. वडील गेल्यावर आमच्या जमिनीला दादाचं नाव लागलं, 'एकुमॅ' म्हणून. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्यांची नावंच नाहीत. बागेत मी राबायचो आणि सोसायटीचं पीककर्ज काढायला सही दादाची, त्यासाठी त्यानं जतहून रजा टाकून यायचं. सोसायटीत सचिव विचारायचा, "दादा कधी येणार?" वीस वर्षं हे ऐकल्यावर कुठल्याही माणसाला वाटायला लागतं की आपण हाताखालचेच. २०१६ साली मी एकुमॅची नोंद कमी करून आईसकट सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज तलाठ्याकडं दिला. केवढा गहजब झाला! "धाकट्याला वाटणी पाहिजे." मी वाटणी मागितलीच नव्हती, नाव मागितलं होतं. फक्त अक्का म्हणाली, "माझंपण लागू दे. हक्कसोडीचं पुढं बघू." फेरफार मंजूर झाला. दादानं सही केली, पण दिवाळीला आला नाही. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नात चुलते मांडवात सांगत होते, "थोरल्यानं घर सांभाळलं, धाकटा नशीबवान." मी तिथंच वाढत होतो. त्या दिवशी बोललो नाही, ते आज इथं लिहितोय.

जो आईवडिलांजवळ राहतो, औषधं देतो, छाटणी करतो, त्याचा शब्द घरात शेवटचा असावा, मग तो कितवा का असेना. हे माझं ठाम मत आहे. धाकट्यानं थोरल्याला सांगणं आपल्यात नवं नाही. ज्ञानेश्वर ताटी लावून बसले तेव्हा समजूत कुणी घातली? चौघांत सगळ्यात धाकट्या मुक्ताईनं. आणि त्यांनी ऐकलं. आई रोज हरिपाठ म्हणायची, मुक्ताईचं नाव आलं की हात जोडायची, पण मला तिनं कधी एकाही गोष्टीत विचारलं नाही.

दादावर अन्याय नको, म्हणून हेही लिहितो. वडील गेल्यावर पाच-सहा वर्षं त्याचा निम्मा पगार घरी यायचा. तीस वर्षांच्या माणसाच्या गळ्यात चौघांचं घर पडलं, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. आणि आमच्यात अकरा वर्षांचं अंतर, तुमच्यात पाचच आहे, त्यामुळं माझं सगळंच तुमच्या घरी लागू होईल असं नाही. माझ्या मुलींचं सांगतो. शेडचा मजुरीचा हिशेब धाकटी बारा वर्षांची असल्यापासून लिहिते, चुकत नाही. थोरलीच्या हातात पैसा टिकत नाही, पण आजी आजारी पडली तेव्हा उशाशी तीच बसली. कामं दोघींची दोघींनी निवडली.

तेव्हा ताई, मुलीला "तू मोठी ना, मग दे त्याला" हे म्हणायचं आजपासून बंद करा. ती समंजस दिसते कारण तिला दुसरं काही दिसायची मुभा नाही. तिला कधी हट्ट करू द्या. आणि मुलाला एक काम नेमून द्या, जे दुसरं कुणी करणार नाही. चार वर्षांचं पोर भाताचे तांदूळ वाटीनं मोजून देऊ शकतं. सांडेल. सांडू द्या, त्यालाच गोळा करू द्या, आणि त्याच्या बहिणीला मदतीला हाक मारू नका.