सेकंडहँड गाडी भेरूघाटात तापली, मेकॅनिक म्हणतो हेड खोलावं लागेल. खोलू का?

एवढ्यात नको.

तुम्ही लिहिलंय की 2013 ची पेट्रोल गाडी दोन महिन्यांपूर्वी इंदूरमध्येच डीलरकडून घेतली, ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात सुई लालवर गेली, शहरात मात्र काही त्रास नाही. आणि मेकॅनिकनं बॉनेट उघडून पाच मिनिटांत 'भिया, हेड खोलना पडेगा' म्हणत 28 हजार सांगितले. त्याचं म्हणणं खरंही निघेल. पण नुसतं बघून हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि खालच्या ब्लॉकमधलं नि त्याच्यामधलं पॅकिंग म्हणजे गॅस्केट) गेल्याचं कळत नाही, त्याच्या वेगळ्या चाचण्या असतात, आणि त्यातली एकही त्यानं केलेली दिसत नाही.

गाडी कधी तापते, हा पहिला प्रश्न. राजवाड्याच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर सुई खाली येते, अशी तक्रार असेल तर मी आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा रिले (फॅनला वीज देणारा स्विच) आणि फ्यूज बघतो, कारण उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा ओढणारा तो एकटाच. तुमचं उलटं आहे. जाताना आपण माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो, इंजिनाला कष्टच नसतात. खरी परीक्षा परतीच्या चढाला: दुसरा गिअर, एसी चालू, गाडीत पाच माणसं. तिथं तापते म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी आहे, नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर त्याला थंड करू शकत नाही. ट्रकच्या मागे रांगत चढत असाल तर फॅनही या यादीत येतो. उभ्या गाडीत एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. नाही फिरला तर निम्मं काम तिथंच झालं.

फॅन ठीक असेल तर सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, रेडिएटरची टोपी उघडा. (गरम असताना कधीही नाही. वाफेनं हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.) या टोपीकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच असतो. तिच्यावर बहुतेक 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथं उघडं पाणी 98 डिग्रीच्या आसपासच उकळतं. टोपी दाब धरून ठेवते म्हणून आत तेच पाणी 120 च्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपीच्या आतलं रबर चिरलेलं असेल किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर दाब राहत नाही आणि चढावर पाणी उकळून बाहेर पडतं. आकडा जुळवून नवी टोपी घ्या, दोन-चारशे रुपयांत मिळते.

टोपी उघडलीच आहे तर आत बघा. हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट असेल तर ठीक. विटकरी रंगाचं गढूळ पाणी दिसलं तर आधीच्या मालकानं वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी ओतलंय. ते जड पाणी आतल्या नळ्यांत क्षार धरतं आणि रेडिएटर अर्धा बंद होतो. मग फ्लशिंग, नाहीच सुटलं तर नवा रेडिएटर, आणि नंतर कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं मिसळून भरायचं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर आहे का, हेही विचारा. 'आपल्या उन्हात त्याची गरज नाही' म्हणून तो काढून टाकायची पद्धत आहे. त्यानं इंजिन गरम व्हायला उशीर लागतो आणि पेट्रोल जास्त जातं, शिवाय मूळ दुखणं झाकलं जातं. असेल तर बाहेर काढून गॅसवर पातेल्यात पाण्यात ठेवा. त्याच्यावर 82 किंवा 88 असं काहीतरी लिहिलेलं असतं. पाणी उकळायच्या आत त्याची झडप उघडताना दिसली पाहिजे. वॉटर पंप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्याखाली ओल किंवा कूलंटचे सुकलेले डाग असतील तर त्याची सील गेली.

आता हेडचं. थंड इंजिन, टोपी उघडी, गाडी स्टार्ट: सुरुवातीचे चार बुडबुडे सोडा, पण ते थांबतच नसतील तर संशय घ्या. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला तरीही. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, किंवा कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत राहिलं, तर जवळजवळ नक्कीच. पक्कं करायला निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावर धरलेला तो द्रव पिवळा पडला तर जळलेला गॅस पाण्यात येतोय. ही चाचणी आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजणं) करणारं गॅरेज शोधा, त्याचे पैसे खुशाल द्या.

आणि हेड खोललंच, तर नुसतं पॅकिंग बदलून बसवू देऊ नका. लेथवाल्याकडे पाठवून ते वाकलंय का ते तपासायचं, लागेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), आणि तडा आहे का त्यासाठी प्रेशर टेस्ट. जुनं गॅस्केट मागून घ्या. बहुतेक वेळा जळल्याची काळी रेघ त्यावर दिसते, सिलेंडरच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत. रेघ नसेल तर मिस्त्रीला विचारा की मग हेड का खोललं.

तोवर भेरूघाट टाळा. जावंच लागलं तर एसी बंद ठेवा, आणि सुई वर सरकू लागली की हीटर पूर्ण चालू करून काचा खाली करा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. तरीही लालला पोचली तर बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि गरम इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. डीलरनं वॉरंटीचा कागद दिला असेल तर काढून वाचा. इंजिन त्यात येतं का आणि मुदत किती आहे ते बघा, आणि बाहेर कुठेही इंजिन खोलायच्या आधी त्याला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. बाहेर खोललेल्या इंजिनाची वॉरंटी बहुतेक जण सरळ नाकारतात.