‘सिग्नल ऑफ’ म्हणजे ‘सिग्नल पडला’

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधील वाफेच्या इंजिनांच्या काळावरील मजकुराचे भाषांतर करताना ‘सिग्नल ऑफ होता’ याचे मराठी ‘सिग्नल बंद होता’ असे करावे काय, आणि आपल्याकडचा ‘सिग्नल पडला’ हा प्रयोग तेथे शोभेल काय?

‘बंद’ मुळीच करू नये, कारण त्याने अर्थ नेमका उलटा होतो. ब्रिटिश रेल्वेच्या बोलीत ‘ऑन’ म्हणजे थांबा आणि ‘ऑफ’ म्हणजे जा. दिव्याच्या बटणाशी या शब्दांचा काही संबंध नाही. खांबावरचा हात, म्हणजे सिग्नलची हलती फळी, आडवा असला की सिग्नल ‘ऑन’ आणि केबिनमधील दांडा ओढून तो हलवला की ‘ऑफ’.

‘पडला’ मात्र चपखल बसतो, कारण जुन्या ब्रिटिश सिग्नलचा हात खरोखरच खाली येत असे. आपल्या स्थानकांवरही तसेच सिग्नल दीर्घकाळ होते आणि त्यांवरूनच हा प्रयोग आपल्या बोलीत रुजला. ‘पडणे’ म्हणजे बिघडणे, हा आक्षेप मला पटत नाही. पडदा पडतो, उजेड पडतो, दोघांची गाठ पडते, त्यात कोठे काही मोडत नाही. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला केबिनवाला दिसत नाही. रुळांलगत लहान चाकांवरून गेलेली तार ताणली जाते, क्षणभर थरथरते आणि दूरवरचा हात खाली येतो. म्हणून बघणारा ‘सिग्नल पडला’ म्हणतो आणि दांडा ओढणारा ‘सिग्नल दिला’ म्हणतो. कर्ता दिसतो की नाही, एवढ्यावर क्रियापद बदलते, ही मराठीची नजर मला फार मोलाची वाटते.

या पडण्यात एक धोका होता, तो 21 जानेवारी 1876 रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे उघड झाला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर तेव्हा सिग्नल एरवी ‘जा’ याच स्थितीत ठेवले जात आणि त्यांचा हात खांबातील खाचेत शिरत असे. त्या दिवशीच्या हिमवादळात बर्फ गोठून हात खालीच अडकले, कोळशाची मालगाडी बाजूच्या मार्गावर घेतली जात असतानाच स्कॉटलंडहून येणारी एक्स्प्रेस तिच्यावर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर काही वेळाने लंडनहून निघालेली गाडीही धडकली. त्यानंतर एरवी सिग्नल ‘थांबा’ दाखवील ही पद्धत आली.

पुढे, 1920च्या दशकापासून, अनेक ब्रिटिश मार्गांवर हात वर जाणारे सिग्नल बसवले गेले. त्यांत तार तुटली तरी हात आपल्याच वजनाने आडवा होतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने मात्र हात खाली येण्याचीच रीत राखली. तेव्हा ग्रेट वेस्टर्नच्या स्थानकावरील प्रसंगात ‘सिग्नल पडला’ निःशंक लिहावे; हात वर जाणाऱ्या मार्गावर डोळ्यांपुढचे चित्र चुकू नये म्हणून ‘सिग्नल दिला’ किंवा ‘सिग्नल मिळाला’ लिहावे.