उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : छोटे विमान उडते, मिनिटभरात कोसळते आणि आतले दगावतात. धावपट्टी तर मागेच असते, मग वैमानिक वळून परत का येत नाही? (वाचक, शिरपूर)

वळायला जातो म्हणूनच अनेकदा जीव जातो. नुसते इंजिन बंद पडल्याने विमान दगडासारखे पडत नाही. सेस्ना १७२ हे छोटे विमान एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे तरंगत जाते.

समजा ५०० फुटांवर इंजिन थांबले. काय झाले हे उमगून नाक खाली घालायला तीन-चार सेकंद जातात. चढताना नाक वर असते, त्यामुळे तेवढ्यात वेग घसरतो. मग अर्धे वर्तुळ वळले तरी विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला समांतर येते. रेषेत यायला दोनशेहून जास्त अंश वळून पुन्हा थोडे उलटे वळावे लागते. उंची कमी, म्हणून वैमानिक विमान एका बाजूला जास्त कलवतो. ४५ अंश कलल्यावर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो) १९ टक्के वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्के. जमीन अंगावर येते तसा हात नकळत नाक वर ओढतो, एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गरगरत खाली जाते. एवढ्याशा उंचीत त्यातून सावरता येत नाही. आणि समजा वळण जमलेच, तरी उडताना समोर असलेला वारा आता पाठीशी असतो, म्हणजे टेकण्याचा वेग वाढलेला.

म्हणून नियम कडक आहे : नाक खाली, वेग ७० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर (फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, उघडे असतील तर ६५ नॉट), आणि समोर डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे वावर दिसेल ते. वेळ मिळाला तर मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा लिव्हर), इंधनाचा व्हॉल्व्ह आणि मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र) बंद, फ्लॅप खाली, मग मास्टर स्विच (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) बंद. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर त्यांच्यानंतर. टेकण्याआधी दाराची कडी काढायची, कारण चौकट वाकली की दार उघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे केळी, कापूस आणि विजेचे खांब. उतरणार कुठे? (वाचक, रावेर)

गहू-हरभरा निघालेले वावर मिळाले तर उत्तमच, पण सऱ्यांच्या दिशेने उतरायचे, आडवे नाही. तारा वरून दिसत नाहीत. खांब हेरायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे धरायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते, तेव्हा ते चाक शेवटपर्यंत उचलून धरावे.

केळीची बागही चालेल. पंख सपाट ठेवून, कमीत कमी वेगाने शिरायचे. ताशी ८० किलोमीटरवरून ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या सारख्या झटक्याने थांबायला तीन मीटर पुरतात. वेग दुप्पट झाला की साडेअकरा मीटर लागतात. जीव वाचवतो तो टेकतानाचा कमी वेग. विमान मोडले तर मोडू द्यावे.

प्रश्न : मे महिन्यातल्या उन्हाचा फरक पडतो का? (वाचक, जळगाव)

खूप. जळगावच्या धावपट्टीची उंची साधारण साडेआठशे फूट. पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेचार हजार फुटांच्या आसपास आहोत असे ‘वाटते’. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. सेस्ना १७२एस या प्रकाराच्या पुस्तिकेतले टेकऑफचे तक्ते ४० अंशांवर संपतात. त्यापुढे अंदाजपंचे उडू नये, सकाळी लवकर उडावे.

वजनाचेही तसेच. आसने चार असली तरी रिकामे विमान सुमारे ७५० किलो, भरलेल्या टाक्यांतले २०० लिटर इंधन १४४ किलो आणि पंचाहत्तर किलोची चार माणसे ३०० किलो, एकूण ११९४. मर्यादा ११५७. एक माणूस तरी उतरवा, नाहीतर इंधन कमी भरा.

प्रश्न : इंधनात पाणी कसे ओळखतात? (वाचक, धुळे)

एव्हीगॅस १००एलएल हे छोट्या विमानांचे पेट्रोल निळे असते. पाणी जड, म्हणून नमुन्याच्या कपात तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसतो. पूर्ण कप बिनरंगी दिसला तर खुश होऊ नका, ते सगळे पाणीही असू शकते. १७२एसला असा नमुना काढायचे तेरा निचरे आहेत. पहिल्या उड्डाणाआधी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर तेराही तपासायचे. घाईत इथेच पाट्या टाकल्या जातात. थोडे पाणी राहिले तर जमिनीवर इंजिन व्यवस्थित चालते आणि नाक वर झाले की ते पाणी इंजिनाकडे जाऊन घात होतो.

प्रश्न : शिवारात विमान पडले तर गावाने काय करावे? (वाचक, चोपडा)

जुलै २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यात, वर्डीजवळ सातपुड्यात, प्रशिक्षण विमान पडून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. जखमी शिकाऊ वैमानिकाला आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून खाली आणले. रस्ता नसेल तिथे तेच करावे लागते. ११२ ला फोन करा. बिडी-सिगारेट, चालू ट्रॅक्टर लांब ठेवा. आग किंवा गळती नसेल तर जखमीची मान-पाठ न वळवता मदतीची वाट पाहा. आग असेल तर ताबडतोब ओढून काढा. कॉकपिटमधली बटणे, लिव्हर, इंधनाचा व्हॉल्व्ह यांना हात लावू नका. छोट्या विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. विमान अपघात अन्वेषण ब्युरोची माणसे त्या बटणांच्या स्थितीवरून आणि पंख्याच्या पात्यांच्या वाकण्यावरून इंजिन चालू होते की बंद, हे ताडतात. सुटे तुकडे पडले तिथेच राहू द्या, पोलीस येईपर्यंत गुरे-पोरे लांब ठेवा.