जुनी खाती, जुना नंबर

अरे, नवा पासवर्ड किती लांबलचक ठेवलास ते राहू दे. आधी जुनी खाती शोध. मायस्पेस या जुन्या सोशल मीडिया साइटचंच घे. लोक कधीच सोडून गेले होते, तरी 2016 मध्ये तिथल्या सुमारे 36 कोटी खात्यांचे तपशील विक्रीला आले. तोच पासवर्ड आज तुझ्या मेलला असेल, तर चोराला कुलूप फोडावंच लागत नाही.

त्याहून वाईट म्हणजे जुना मोबाइल नंबर. आपल्याकडे बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. मी मागे एक सिम घेतलं, तर पहिल्याच आठवड्यात कुणा अनोळखी बाईंच्या गॅस बुकिंगचे मेसेज आणि पाठोपाठ ओटीपी! मी गपचूप डिलीट केले. दुसरा करेलच असं नाही. म्हणून सिम सोडण्याआधी बँक, आधार, मेल, सगळीकडे नंबर बदलून घे.

खाती आठवत नसतील तर मेलमध्ये इंग्रजीत ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’ टाकून शोध, पसारा कळेल. फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं बंद झालं, असं नवखे हमखास समजतात. तसं नसतं. आधी साठवलेलं कार्ड काढ, मग सेटिंग्जमध्ये जाऊन खातंच डिलीट कर. आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायला, कॉलेजातला जुना मेल आयडी लावलेला असेल, तर तो आज रात्रीच बदल.